एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायचंय, पैसे कुठून उभे करू?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

मी एका रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीवर बसते. अकरा वर्षं झाली. माझ्या काचेसमोरच डायलिसिस विभागाचं दार आहे. तिथल्या तंत्रज्ञांची ये-जा बघून बघून आता मलाच ते काम शिकायचंय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, माझी पात्रता बसते, सकाळची तुकडी मिळाली तर नोकरी अर्धवेळ चालू ठेवता येईल. घरचे तयार आहेत. घोडं अडलंय ते पैशापाशी.

शोधायला बसलं की जे सापडतं ते शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी. पालकांचं उत्पन्न किती, पालकांची सही कुठे. माझे आईवडील आता नाहीत आणि मी स्वतःच एकीची पालक आहे. तर प्रश्न असे: वय उलटलेल्यांना (लिहिताना हात अडखळला) शिक्षणासाठी मदत मिळते का? कर्जच काढायचं झालं तर सही करण्याआधी काय बघावं? आणि परवा एकाचा फोन आला, की तुमची शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. मी अर्जच कुठे केलेला नाही. हा काय प्रकार असतो?

टवाळ_पोपट

सतरंजी टाकून बसलोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खडूफळा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. तो नंबर ब्लॉक करा.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिकडची सरकारी संस्था) या लोकांच्या ठरलेल्या बोलण्याची यादीच लोकांपुढे ठेवली आहे. शिष्यवृत्ती नक्की, नाहीतर पैसे परत. ही माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. तुमच्यासाठी राखून ठेवतो, बँक खात्याचा नंबर द्या. ज्या स्पर्धेत तुम्ही उतरलाच नाहीत तिच्या अंतिम फेरीत तुम्ही आहात. देश बदलला तरी पठडी तीच. तिकडच्या सरकारी मदतीच्या अर्जाचं नाव फाफ्सा, त्यातल्या पहिल्या 'एफ'चा अर्थच फुकट. तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे आहेतच.

वयाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, रात्री.

अनुस्वार

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझी बहीण याच फेऱ्यात आहे.

फक्त एक अनुभव. माझा एक अर्ज निव्वळ नावाच्या स्पेलिंगवरून परत आला होता. गुणपत्रिकेवर एक 'ए', ओळखपत्रावर दोन, बँकेत तिसरंच काहीतरी. अर्ज कोणी माणूस वाचतच नव्हता, यंत्र जुळवत होतं, आणि यंत्राच्या मते आम्ही तिघे होतो. दुरुस्तीला दीड महिना लागला, मुदत संपली होती. कोरीपाटी, तुमचं नाव लग्नानंतर बदललं असेल तर आज रात्रीच सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी-शेजारी मांडा.

टवाळ_पोपट

आयडी सार्थ केलात.

मुद्दलव्याज

बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली नऊ कर्ज विभागात. दुसरा प्रश्न माझा.

शैक्षणिक कर्जाला 'शिकताना हप्ता नाही' म्हणतात आणि लोक त्याचा अर्थ 'शिकताना व्याज नाही' असा लावतात. तसं क्वचित असतं, सरकार व्याज भरत असेल तर. बाकी वेळी मीटर पहिल्या दिवसापासून चालू. समजा शंभर रुपये कर्ज, दहा टक्के सरळ व्याज. पन्नास पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचललेत, पन्नास दुसऱ्या. अभ्यासक्रमानंतर आणखी एक वर्ष हप्त्याला सवलत. पहिल्या पन्नासावर तीन वर्षांचं व्याज पंधरा, दुसऱ्या पन्नासावर दोन वर्षांचं दहा. म्हणजे पहिला हप्ता ठरतो तेव्हा तुमचं कर्ज शंभर नसतं, एकशे पंचवीस असतं. आणि तिथून पुढे व्याज एकशे पंचविसावर. तेच शंभर सगळे सुरुवातीलाच उचलले असते तर एकशे तीस. म्हणून दोन गोष्टी: पैसा लागेल तसाच उचला, आणि अर्धवेळ पगारातून निदान दरमहा लागणारं व्याज भरता आलं तर भरत राहा. पंचवीस वाचले.

सही करण्याआधी विचारायचं ते: दर स्थिर की बदलता, सवलतीच्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, कर्जासोबत विमा गळ्यात मारताहेत का, जामीनदार कोण आणि त्याला आपण कशावर सही करतोय ते कळलंय का. शेवटचा प्रश्न आमच्याकडे फार कमी लोक विचारायचे. जामीनदार तर कधीच नाही.

भारतात असाल तर प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा मिळतं, रकमेला वरची मर्यादा नाही. पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नवीन प्रणालीत ती वजावट नाही.

शिदोरी

सगळ्यांचा मान राखून उलट बोलते. या वयात कर्ज काढून शिकूच नये. मुलगी मोठी होतेय, उद्या तिच्या शिक्षणाला पैसे लागतील. दोन वर्षं थांबा, साठवा, मग प्रवेश घ्या. मी तसंच केलं, कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

जुनी_सायकल

@शिदोरी, दोन वर्षं थांबण्याचीही किंमत असते हो. नवीन कामाचा वाढीव पगार दोन वर्षं उशिरा सुरू होणार. ती रक्कम आणि कर्जाचं व्याज शेजारी-शेजारी मांडून बघायला हवं. कधी तुमचं बरोबर निघेल, कधी माझं.

आणि फी हा निम्माच खर्च. मी तिशीनंतर प्रशिक्षण घेतलं तेव्हा फी कशीबशी जमवली. कंबरडं मोडलं ते कमी झालेल्या पगारानं. मदत शोधताना 'फीसाठी किती' आणि 'जगण्यासाठी किती' हे दोन रकाने वेगळे करा. बऱ्याच शिष्यवृत्त्या पहिल्याच रकान्यात संपतात.

शिदोरी

मांडून बघायला हरकत नाही. पण कर्ज काढणारा माणूस मांडून बघत नाही, असा माझा अनुभव.

मुद्दलव्याज

शिदोरीताई, हे मात्र मला खोडून काढता येत नाही.

उत्तरध्रुव

जर्मनीतून लिहितोय. इथे वयाचा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीनं सोडवलाय. विद्यार्थ्यांसाठीची सरकारी मदत, बाफ्योग, तिची वयोमर्यादा २०२२ मध्ये वाढवून ४५ केली. विद्यापीठात शिकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेत साधारण निम्मं अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज, आणि कितीही घेतलं तरी परतफेड १०,०१० युरोच्या वर जात नाही. पण खरी गंमत त्यात नाही, 'आउसबिल्डुंग'मध्ये आहे. आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस व्यवसायशाळेत वर्ग, आणि कंपनी पहिल्या महिन्यापासून भत्ता देते. माझ्या शेजारचा मुलगा लिफ्ट दुरुस्ती शिकतोय. फी शून्य, उलट तोच कमावतो.

माझं म्हणणं, शिष्यवृत्ती शोधण्याआधी 'हेच काम शिकताना कोणी पगार देतं का' ते बघावं. भारतातही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच, त्यात विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक आहे. शिकाऊ म्हटलं की लोकांना पाने आणि ग्रीस आठवतं, म्हणून तिकडे बघत नाहीत.

खडूफळा

काल रात्री जमलं नाही, माफी.

मी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी-मदत कक्षात बसतो. वयाबद्दल सगळ्यांचा समज सारखाच: शिष्यवृत्ती म्हणजे वीस वर्षांची मुलं. पण नियम नीट वाचले तर वयाची अट पुष्कळ ठिकाणी नसतेच. अमेरिकेतल्या केंद्र सरकारच्या मदतीला वयोमर्यादा नाही, आणि चोविशी उलटली की पालकांचं उत्पन्न विचारतही नाहीत, विद्यार्थी स्वतंत्र धरतात. तिथली पेल ग्रांट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान) परत करायची नसते. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून फी सरकार भरतं आणि नंतर ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलात की करासोबत कापून घेतं. त्यालाही वय नाही. सिंगापूरमध्ये तर उलटंच, स्किल्सफ्युचर या सरकारी योजनेत २०२४ पासून चाळीस आणि त्यापुढच्या नागरिकांना प्रशिक्षणासाठी ४,००० सिंगापूर डॉलरचं जास्तीचं क्रेडिट आहे.

टवाळ_पोपट

कोरीपाटी, एक वर्ष थांबा आणि सिंगापूरचं नागरिकत्व घ्या. बघा, सुटला प्रश्न.

खडूफळा

(पोपटराव, पुढचं लिहू द्या.)

मुद्दा असा की मोठ्या, गाजलेल्या शिष्यवृत्त्यांच्या मागे सगळे धावतात. अमेरिकेची फुलब्राइट, ब्रिटनची चेव्हनिंग वगैरे. चेव्हनिंगला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं, म्हणजे तिथेही नुकती पदवी झालेलं पोर बसत नाही, पण अर्जांचा ढीग असतोच. याउलट कोणीतरी आईच्या नावानं ठेवलेला छोटा निधी, एखाद्या व्यावसायिक संघटनेची मदत, अभ्यासक्रमाच्याच विभागात पडून असलेलं पारितोषिक, तिकडे कोणी फिरकत नाही. आमच्याकडे एका निधीची अट आहे, 'घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थिनीस'. गेल्या वर्षी त्याला दोन अर्ज आले. दोघींनाही दिला. रक्कम लहान, पण एका सत्राची पुस्तकं आणि गणवेश निघाला.

हे निधी संकेतस्थळावर सापडत नाहीत. फलकावर पिवळ्या पडलेल्या कागदावर असतात, किंवा माझ्यासारख्याच्या खणात. तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर न थांबता मदत कक्षात जा आणि थेट विचारा: प्रौढ विद्यार्थ्यांसाठी, एकल पालकांसाठी, आरोग्यसेवेत आधीच असलेल्यांसाठी काही आहे का? 'काही शिष्यवृत्ती आहे का हो?' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम मिळेल.

रानवाटा

खडूफळा, कोट्यवधींच्या शिष्यवृत्त्या कोणी न मागितल्यानं वाया जातात, असं सारखं फॉरवर्ड येतं. ते खरं का मग?

खडूफळा

छोट्या निधींना कमी अर्ज येतात, हे खरं. कोट्यवधींचा आकडा सांगणारा मात्र सहसा शेवटी काहीतरी विकतो.

कोशकार

अवांतर: 'शिष्यवृत्ती'तली 'वृत्ती' म्हणजे स्वभाव नव्हे, उपजीविका. शिष्याचं पोट चालवण्याची सोय. त्यामुळे जुनी_सायकल यांचा 'जगण्यासाठी किती' हा रकाना शब्दातच आहे. आणि वृत्ती दीर्घ, धाग्यात चार ठिकाणी ऱ्हस्व झाली होती, संपादकांनी सुधारलेली दिसते.

टवाळ_पोपट

माझ्यात शिष्याची वृत्ती भरपूर आहे, शिष्यवृत्ती मात्र एकदाही मिळाली नाही.

बिनकाडीचा_चष्मा

शिफारसपत्रांबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या सरांनी मला सांगितलं, तूच लिहून आण, मी सही करतो. मी स्वतःचं इतकं कौतुक केलं की सरांनी वाचून विचारलं, हा मुलगा कोण आहे, मला भेटवा.

अनुस्वार

:)) माझ्या सरांनी सगळ्यांना एकच पत्र दिलं होतं. त्यात मी 'उत्कृष्ट कबड्डीपटू' होतो. मी आयुष्यात कबड्डी खेळलो नाही.

शिशिर

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

रानवाटा

एक कटू बाजू पण लिहिते. प्रशिक्षण देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते पैशाच्या आधी बघा. मान्यता नसेल तर शिष्यवृत्ती नाही, कर्ज नाही, आणि परवाना लागणाऱ्या कामात नोकरीही नाही. अमेरिकेत कोरिंथियन कॉलेजेस म्हणून खासगी साखळी होती, नोकरी लागण्याची खोटी आकडेवारी दाखवल्याचे आरोप झाले, २०१५ मध्ये बंद पडली. विद्यार्थ्यांची कर्जं तशीच. २०२२ मध्ये सरकारनं ५,६०,००० कर्जदारांची मिळून ५.८ अब्ज डॉलरची कर्जं माफ केली, म्हणजे मधली सात वर्षं कित्येकांच्या मानगुटीवर ते ओझं होतंच.

माझ्या नात्यातल्या एकीचं असंच झालं, दुसऱ्या देशात, लहान प्रमाणावर. प्रवेशाच्या वेळी 'शंभर टक्के नोकरी' असं छापील पत्रक होतं. शंभर टक्के कुणातले, ते कुणी विचारलं नाही. परीक्षेला बसलेल्यांतले की प्रवेश घेतलेल्यांतले? निघाले नऊ जण, तेही संस्थेच्याच कचेरीत.

कोरीपाटी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. संस्था मान्यताप्राप्त आहे, परिषदेच्या यादीत जाऊन बघितलं. अनुस्वार, कागदपत्रं मांडली. माझं माहेरचं नाव एका प्रमाणपत्रावर अजून आहे. दुरुस्तीचा अर्ज टाकला.

जुनी_सायकल

कोरीपाटीताई, एवढा धागा झाला आणि एक साधा प्रश्न सगळ्यांच्या हातून सुटला. तुम्ही ज्या रुग्णालयात अकरा वर्षं आहात, तिथे डायलिसिस विभाग आहे. त्यांना तंत्रज्ञ लागतात. तुम्ही त्यांना विचारलंत का?

कोरीपाटी

नाही. :( मला वाटलं नोकरी सोडायचा विचार चाललाय असं समजतील.

उत्तरध्रुव

मीही कंपनी, कंपनी करत बसलो आणि तुमची कंपनी समोर असताना दिसली नाही. उद्या विचारा.

मुद्दलव्याज

विचारा, पण देतील त्या कागदावर तिथल्या तिथे सही करू नका. इथे टाका. नाव-गाव झाकून.

कोरीपाटी (बारा दिवसांनी)

विचारलं! मनुष्यबळ विभागातल्या बाई म्हणाल्या, कर्मचारी प्रशिक्षण निधी आहे, पाच वर्षांपासून आहे, परिचारिकांखेरीज कोणी मागितलाच नाही. फीच्या साठ टक्के देतात, सत्र पास झाल्यावर. मोबदल्यात अभ्यासक्रमानंतर दोन वर्षं नोकरी. करारातलं एक कलम जसंच्या तसं देते:

'कर्मचाऱ्याने करारकाळात कोणत्याही कारणाने सेवा सोडल्यास संपूर्ण प्रशिक्षणखर्च एकरकमी वसूल करण्यात येईल.'

ठीक आहे ना?

मुद्दलव्याज

नाही. एका वाक्यात तीन खड्डे आहेत.

'संपूर्ण'. तेवीस महिने काम करून सोडलंत तरी संपूर्ण? महिन्यागणिक कमी होत गेलं पाहिजे, चोविसातले जितके उरले तितक्याचेच. 'कोणत्याही कारणाने'. आजारपण आलं तर? 'एकरकमी'. कुठून आणणार?

रानवाटा

चौथा खड्डा जो लिहिलेलाच नाही: त्यांनी तुम्हाला काढलं तर? किंवा कोर्स झाला आणि तंत्रज्ञाची जागाच रिकामी नसेल तर? पुन्हा बिलिंगच्या खिडकीवर दोन वर्षं बांधलेल्या राहाल.

शिदोरी

आणि पैसे 'सत्र पास झाल्यावर' म्हणजे आधी भरायचे तुम्हीच. पहिल्या सत्राची सोय हातात ठेवा. हे साठवलेलं असेल तर बरं पडतं, एवढंच म्हणते.

जुनी_सायकल

शिदोरीताईंना अनुमोदन. (पहिल्यांदाच.)

खडूफळा

आणखी एक. महाविद्यालयातून छोटा निधी मिळाला तर रुग्णालयाचे साठ टक्के मूळ फीवर धरणार की उरलेल्या फीवर, ते लेखी घ्या. एका हातानं आलेलं दुसऱ्या हातानं कापून घेण्याची पद्धत मोठमोठ्या विद्यापीठांतही आहे. बाहेरून शिष्यवृत्ती आणली की आतली तेवढीच कमी करतात.

कोरीपाटी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. 'संपूर्ण' गेलं, महिन्यागणिक कपात आली. वैद्यकीय कारण वगळलं. त्यांनी काढलं तर वसुली नाही, हेही लिहून दिलं. 'एकरकमी' मात्र काढायला तयार नाहीत, आणि जागेची हमी नाही, फक्त 'प्राधान्य' आहे. मी विभागप्रमुखांना भेटले. दोन तंत्रज्ञ पुढच्या दीड वर्षात निवृत्त होताहेत म्हणाले. तेवढ्यावर सही केली. रुग्णालयाचे साठ टक्के मूळ फीवर, लेखी. पहिल्या सत्रासाठी सोनं न मोडता भिशीची पाळी आधी मागून घेतली, उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी थोडं कर्ज, व्याज दरमहा भरणार. मदत कक्षातल्या दोन निधींना अर्ज केलाय, निकाल यायचाय.

आणि हो, त्या माणसाचा परत फोन आला. प्रक्रिया शुल्क. मी म्हटलं, शिष्यवृत्तीतूनच वळतं करून घ्या, उरलेली पाठवा. त्यानंच फोन ठेवला.

टवाळ_पोपट

सतरंजी गुंडाळतो. हा फोन ऐकायला पैसे मोजले असते.

कोरीपाटी

खडूफळा सर, एक शंका राहिली. निधीच्या अर्जात 'पालकाची स्वाक्षरी' हा रकाना अजून आहेच. काय करू?

खडूफळा

स्वतःच करा आणि कंसात 'स्वतः' लिहा. आमच्याकडे चालतं. तो फॉर्म बदलायचा राहिलाय, किती वर्षं ते विचारू नका.

कोरीपाटी

मुलगी विचारतेय, मी केली तर नाही का चालणार.